सर्जाच्या आधी कोण

२ नोव्हेंबर, रविवार

परत हरलो. बाळासाहेबांना फोनवर "चालायचंच" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर उशी आपटली. सौ. म्हणाली, "व्याह्यांवरचा राग उशीवर नका काढू. शिवण उसवली की मलाच शिवायला लागतं."

कारण लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील. मोबाइलवरचा खेळ. चार खेळाडू, दोन जोड्या, चार मॉन्स्टर मैदानात. मी आणि बाळासाहेब एक जोडी. चौघंही आपापली चाल गुपचूप निवडतात. सगळ्यांची बटणं दाबून झाली की ज्याचा वेग जास्त त्याची चाल आधी. मूळ खेळ एवढाच, बाकी सगळा मसाला. बा.सा.चा मॉन्स्टर बैलतोंड्या. नाव ठेवलंय सर्जा. त्याची धडक एरवी साधी, पण त्याच फेरीत समोरच्याला आधी कुणी इजा केली असेल तर दुप्पट बसते. म्हणजे आधी माझ्या मॉन्स्टरनं, टोळानं, चावायचं, मग सर्जानं धडक द्यायची. टोळाचा वेग १४२, सर्जाचा ९६. पत्रिका जुळवून आणल्यासारखी जोडी.

आणि बा.सा.नी काय करावं? खेळात आठवड्याला मिळणारा सगळा खुराक सर्जाच्या वेगात ओतला. आज १४५. सर्जा आधी पळतो, अर्धी धडक देऊन बसतो, मग माझा टोळ जाऊन त्याच मॉन्स्टरला चावतो. लग्न लागल्यावर पोचलेल्या बँडवाल्यासारखा.

सांगता येत नाही. मुलीचा बाप.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फर्स्ट शिफ्ट. घरी आलो तर आश्विनीचा फोन. कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिची निवड झाली! बी.एस्सी. होऊन दोन वर्षं शिरूरला घरात बसून होती. मी त्याच एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो, मशीनचं पॅनल चालवायला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. आता पोरगी लॅबमध्ये.

मग अडचण. शिरूरहून रोज कुरकुंभ होत नाही. म्हणजे सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे केडगावला राहायचं, शनिवार-रविवार सासरी. जावई पंकजरावांची हरकत नाही, पण वडलांपुढं त्यांचं तोंड उघडत नाही. होकार बा.सा.चा लागणार. कंपनीला उत्तर २९ तारखेच्या आत.

"मामा काय म्हणाले?" मी विचारलं. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. आप्पा, एक ऐका. खेळाची स्पर्धा होईपर्यंत त्यांना काही शिकवायला जाऊ नका. तुमचा स्वभाव मला माहितेय."

माझा स्वभाव! चुकीला चूक म्हणतो, एवढाच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीच्या बसमध्ये विचार करत आलो. हे जोडी-प्रकरण सुरू कसं झालं? दोन वर्षांपूर्वी बा.सा.चा पाय मोडला, प्लास्टरमध्ये दोन महिने खाटेवर. वेळ जाईना म्हणून आश्विनीनं त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला आणि म्हणाली, "आमचे आप्पा यात उस्ताद आहेत." तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. शिरूरच्या मोबाइल दुकानदारानं जोडी-स्पर्धा लावली तर यांनी मला न विचारता दोघांची नावं दिली. त्यांचं आधी, माझं खाली. त्याचं काही नाही.

पण मी या खेळात सहा वर्षं घातली आहेत. इंग्रजीतली पानं डिक्शनरी घेऊन वाचली. कुठल्या मॉन्स्टरचा वेग किती, कुठली चाल कशाच्या आधी, सगळं पाठ. आणि माझ्या जोडीला एक माणूस रोज चुकीचं करणार आणि मी "वा, बाळासाहेब" म्हणणार.

पॅनलवर असं चालत नाही. तिथं आधी पाणी, मग वाफ. उलटं केलं तर मान बघून कुणी सोडत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शिरूरला जाऊन आलो. पारगावच्या पुलापासून उसाच्या ट्रॉल्या, पुढं जाता येईना. सौ. मागं बसून बजावत होती, "लेकीकडं चाललोय, पंचायतीला नाही."

जेवताना हळूच विषय काढला. म्हटलं, "बाळासाहेब, सर्जाची कातडी फार पातळ राहिलीय. थोडा खुराक कातडीत घातला तर?"

"कातडी?" ते हसले. बा.सा.चे बैल पूर्वी शर्यतीच्या घाटात पळायचे. भिंतीवर ढाली आहेत, फोटो आहेत. "पावणं, घाटात दुसरा आलेला बैल कुणाच्या ध्यानात ऱ्हातो का?"

"हा घाट नाही ना पण."

"पळायचं हाय का न्हाई? मग घाटच."

विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "बैल इकले तवा वाटलं सुटलो. आता फोनात बांधलाय. निदान शेण तरी काढावं लागत न्हाई."

सगळे हसले. मी खेळातलं 'मागोमाग' बटण दाखवून पाहिलं. चालीबरोबर ते दाबलं की आपला मॉन्स्टर स्वतःच्या वेगानं न जाता जोडीदाराच्या लगेच पाठोपाठ जातो. बा.सा.नी बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. "सर्जा कुणाच्या मागोमाग जात न्हाई."

आश्विनी दारातून माझ्याकडे बघत होती. मी भाकरी मोडली.

१० नोव्हेंबर, सोमवार

टोळाच्या पायात खेळातला वेगाचा घुंगरू बांधला. वेग १४९. आता सर्जाच्या चार पुढं. त्यांना सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी बा.सा.चा फोन, आवाजात आनंद. "पावणं, सर्जा एकशेत्रेपन्नास! तुमचा टोळ पुढं जायला लागल्याला म्हून म्हटलं, काय तरी केलं पायजे."

म्हणजे आम्ही दोघं एका बाजूचे, आणि शर्यत आमच्या दोघांतच लागलीय. समोरचे आरामात बसून बघतायत.

टोळ याच्यावर जात नाही. संपलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!!

टोळाकडे एक जुनी चाल आहे, 'टोचणी'. इतकी किरकोळ की मी कधी वापरली नाही. ती आगाऊ चालींत मोडते. आगाऊ चाल वेग बघत नाही, सगळ्यांच्या आधी जाते. समोरच्याचं नखभर नुकसान होतं. पण इजा ती इजा. सर्जाची धडक त्यानंतर दुप्पट बसायलाच हवी.

सेकंड शिफ्टला निघायच्या आधी घरच्या जुन्या फोनवर याच खेळाचं दुसरं खातं उघडून, बैलतोंड्या घेऊन तपासलं. प्रत्येक वेळी दुप्पट. सर्जा १५३ होऊ दे नाहीतर हजार, टोचणी त्याच्या आधीच.

त्यांना सांगायची गरज नाही. सर्जा पळतो तसा पळू दे. पहिला आल्याचं समाधान त्यांना, काम माझं. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी पंचवीस वर्षं तुमच्याबरोबर करतेय तेच." आणि कणीक मळायला गेली. यावर विचार करायला हवा, पण आज नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरावात लागोपाठ जिंकलो. टोचणी पडद्यावर दिसतसुद्धा नाही, एक ठिपका येतो आणि जातो. मागून सर्जा धूळ उडवत येतो आणि समोरचा आडवा.

बा.सा. फोनवर ओरडले, "बघितलं का? पैला मारला की असं व्हतं! तुमी कातडी-कातडी करत व्हता."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो.

हे तीन शब्द म्हणायला जीव अर्धा झाला. नंतर अंगणात जाऊन मोटारसायकल उगाच पुसली.

पण आश्विनीचा मेसेज: 'मामा खूष आहेत. आज स्वतःहून विचारलं, लॅबमध्ये नक्की काय काम असतं.' मोटारसायकल पुसलेली वाया नाही गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अजून 'बघू'च. दहा दिवस उरले. स्पर्धेच्या फेऱ्या येत्या रविवारी, फायनल त्याच्या पुढच्या. आश्विनी म्हणते, मामा फेऱ्या जिंकून आले की विचारते. म्हणजे तिची नोकरी माझ्या टोचणीवर आली.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी सात. आत्ताच घरी आलो. जसं झालं तसं लिहितो, काही सोडत नाही.

स्पर्धा मंगल कार्यालयात. लग्नाच्याच खुर्च्या, लग्नाचाच माइकवाला, फक्त वधूवरांच्या जागी मोठा पडदा. बा.सा. फेटा बांधून आले होते. त्यांच्या गावचे दहा-पंधरा जण पाठीमागच्या रांगेत. सर्जा मैदानात आला की शिट्ट्या.

पहिल्या दोन फेऱ्या सरळ. टोचणी, धडक, आडवा. टोचणी, धडक, आडवा. माइकवाला "सर्जा! सर्जा!" करतोय. माझ्या टोळाचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. बा.सा. मागं वळून गाववाल्यांना हात करतायत. मी खाली बघून बसलो.

सेमी. समोर रांजणगावकडचे दोघं साडू. गप्प खेळणारे. त्यांनी राखण्या काढला. राखण्या म्हणजे दगडी मॉन्स्टर. तो उभा आहे तोवर त्याच्या बाजूवर आगाऊ चाल चालत नाही. टोचणी बाद. साधा चावा घेतला तर टोळ १४९, सर्जा १५३. सर्जा आधी जाणार, अर्धी धडक देणार, आणि त्यांच्या दुसऱ्या मॉन्स्टरच्या एका फटक्यात मरणार, कारण कातडी नाही.

चाल निवडायला पाऊण मिनिट. उपाय एकच. सर्जानं टोळाच्या मागोमाग जायचं.

मी हळू आवाजात, "बाळासाहेब, या फेरीला मागोमाग दाबा."

"का?"

"समोर राखण्या आहे. माझी टोचणी चालणार नाही."

"कसली टोचणी?"

तेव्हा लक्षात आलं मी काय बोललो.

"तुमच्या धडकेच्या आधी मी टोचणी मारतो. म्हणून ती दुप्पट बसते. आधी दाबा, मग सांगतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. पडद्यावर सेकंद चाललेत. त्यांचा अंगठा धडकेवर. आणि मी, लिहायला लाज वाटते, त्यांच्या अंगठ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "अहो, मागं राहा म्हणतो ना!"

माइकवाला त्याच क्षणी गप्प होता. अख्ख्या हॉलनं ऐकलं.

त्यांनी मागोमाग दाबलं. टोळ चावला, लगेच सर्जाची दुप्पट धडक, राखण्या पडला. त्यापुढं साडूंचं काही राहिलं नाही. फायनल.

टाळ्या पडल्या. त्यात मागच्या रांगेतून एक आवाज: "बाळासाहेब, पोरीच्या बापानं येसण घातली की वो सर्जाला!"

हसणं थांबेचना. बा.सा.नी फेटा सारखा केला. हसले नाहीत.

बाहेर चहाच्या टेबलापाशी एवढंच विचारलं, "किती मॅचमधी व्हती टोचणी?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, "जिंकलो त्या सगळ्या."

त्यांनी कप तसाच ठेवला. पंकजरावांना म्हणाले, "गाडी काढ."

२४ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी फोन आला नाही. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा.

सौ.: "हात कशाला धरायचा माणसाचा?"

"पाऊण मिनिटच होतं."

"हरला असता तर काय झालं असतं?"

हरलो असतो तर बा.सा. "नशीब" म्हणाले असते, चहा प्यायले असते आणि आश्विनीला हो म्हणाले असते. कदाचित. मला त्या पाऊण मिनिटात पोरीची नोकरी दिसली नाही. फक्त चुकीचा क्रम दिसला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फोन केला. विहीणबाईंनी उचलला. "शेतात गेल्यात." मागून त्यांचा खाकरल्याचा आवाज ऐकू आला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आश्विनी म्हणते, मामा घरात कुणाशीच बोलत नाहीत. ओसरीवर बसून मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असतात. तिनं चहा नेऊन दिला तर विचारलं, "टोचणी म्हंजी काय, तुला ठावं व्हतं का?" ती खरं बोलली, नव्हतं माहीत. ते म्हणाले, "मला वाटलं सगळ्यांला ठावं आसंल."

हे ऐकून जेवण गेलं नाही. मी समजत होतो त्यांना पुढं करतोय. त्यांना वाटतंय, मी दोन आठवडे मनात हसत होतो. हसत होतो का? थोडा हसत होतो. स्वतःच्या हुशारीवर.

माफी मागायची म्हणून मेसेज लिहिला, पुसला. त्यात तिसऱ्या ओळीपासून मी परत वेगाचं गणित समजावत होतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तराची मुदत उद्या. ठरवलं, सकाळी गाडी काढून शिरूरला जायचं, हात जोडायचे. सौ. म्हणाली, "तुम्ही गेलात की त्यांना वाटणार, पोरगी परत आणायला आलाय." खरं आहे. आणि त्यात थोडं खरं आहेच. पोरगी पाच दिवस घरात असेल, जेवणाच्या ताटावर लॅबचं काही सांगेल, या विचारानं मी महिनाभर खूष आहे. हे कुणाला बोललो नव्हतो.

गेलो नाही तर भित्रा, गेलो तर आगाऊ.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आश्विनीचा फोन. मी चपला घालून अंगणात.

"आप्पा, येऊ नका. मी होकार पाठवला कंपनीला."

"मामा हो म्हणाले?"

"नाही."

"नाही म्हणाले?"

"नाही पण नाही."

"अगं, मग थांबायचंस ना! आधी त्यांना..."

"आप्पा, तुमच्या खेळात चाल निवडताना समोरच्याची वाट बघतात का? चौघं आपापली निवडतात. माझी मी निवडली. आता क्रम लागेल तसा लागेल."

तिला हा खेळ कधी आवडला नाही. नियम मात्र पाठ. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "घरचं मी बघते. तुम्ही उद्या मॅचला या. आणि कुणाचा हात धरू नका."

दिवसभर चपला पायातच राहिल्या. बा.सा.ना हे कधी कळणार? मॅचच्या आधी कळलं तर ते येणार नाहीत. नंतर कळलं तर म्हणतील, बापलेकीनं मिळून फसवलं, परत एकदा.

३० नोव्हेंबर, रविवार

शिरूर. कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. तिसऱ्या क्रमांकाची मॅच चालू आहे, मग आमची.

बा.सा. आले. फेटा नाही, साधी टोपी. शेजारच्या खुर्चीवर बसले, मध्ये एक खुर्ची सोडून. दोघंही समोरच्या पार्किंगकडे बघत होतो.

मी म्हणालो, "बाळासाहेब, त्या दिवशी माझं चुकलं."

"कुठलं? हात धरला ते, का टोचणी?"

"दोन्ही."

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आश्विनीनं कंपनीला मेल धाडला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"बटन दाबायच्या आधी. वसरीवर आली, फोन पुढं धरला. म्हनली, मामा, वाचा, मग मी दाबनार हाय. आमच्या आप्पांला अजून सांगितल्यालं न्हाई."

माझ्या आधी त्यांना. छातीत काहीतरी टोचलं, आणि त्याच वेळी पोरीचा इतका अभिमान वाटला की मान वर करता येईना. मी जे दोन आठवडे लपवून करत होतो, ते तिनं समोर उभं राहून केलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? वाचला. तिनं दाबलं." टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमच्या दोघांत तिचं बरं हाय, पावणं. तिनं निदान दाखवून मारली."

"मग तिला... म्हणजे आमच्याकडं राहायला..."

"डाव होऊ द्या आधी."

आतून माइकवाला आमची नावं पुकारतोय. बा.सा. उठले, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. लग्न ठरल्यापासून कुठल्याही दारातून मी त्यांच्या आधी गेलेलो नाही, आणि त्यांनी कधी तसं म्हटलेलंही नाही.

"व्हा पुढं," म्हणतायत.

राग आहे की दुसरं काही, चेहऱ्यावरून कळत नाही. त्यांच्या हातातल्या फोनवर खेळ उघडलाय, पण कुठलं बटण दाबायचं ठरवून आलेत ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. वही खिशात घालतो.